अमेरिकेचा इतिहास आणि खामगावचा कापूस

अमेरिकेतील यादवी युद्धाशी आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा संबंध काय, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर शिक्षकाने खामगावच्या कापूस बाजाराकडे बोट दाखवावे. १८६१ साली लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि हिंदी कापसाचे भाव कडाडले. १८६५ साली युद्ध संपले व भाव कोसळले. तरी वऱ्हाडच्या कापसाला परदेशची वाट मिळाली होती. १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटाही आला.

एवढी ओळख पटली, की वर्गापुढे मूळ कागद ठेवावेत. आम्ही तीन सुचवितो. पहिला, डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलिनाने संघराज्यातून फुटताना काढलेला जाहीरनामा. युद्धाचे कारण गुलामगिरी की राज्यांचे हक्क, हा वाद मुलांनी ऐकलेला असतो. येथे फुटणारेच गुलामगिरीची कैफियत मांडताना दिसतात. दुसरा, लिंकनची १ जानेवारी १८६३ ची मुक्तिघोषणा. 'लिंकनने सर्व गुलाम मुक्त केले' असे पाठ केलेल्या मुलाला ती वाचून कळेल, की ती बंडखोर प्रदेशापुरतीच होती. देशभर गुलामगिरी बंद झाली ती डिसेंबर १८६५ मधील तेराव्या घटनादुरुस्तीने. तिसरा कागद घरचा. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. हा दाखला त्यांना आपल्या समाजासाठी का हवासा वाटला, हे मुलांनाच शोधू द्यावे.

प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारावेत: लिहिणारा कोण, त्याने कोणासाठी लिहिले, आणि काय सांगायचे टाळले?

चौथा प्रश्न अधिक अवघड आहे: कोणाचा कागद येथे नाही? दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहावाचावयास शिकविणे हाच गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लसने १८४५ साली स्वतःची कहाणी छापली. पण असे भाग्य थोड्यांचेच. आपला निरक्षर कुणबीही सरकारी अहवालात बहुधा कापसाच्या व साऱ्याच्या आकड्यांमागेच राहिला.

म्हणून शेवटच्या तासाला मुलांनी घरातील एखादे जुने गहाणखत किंवा बाजाराची पावती आणावी, आणि तिलाही हेच प्रश्न घालावेत. छापलेले वा शिक्का मारलेले ते सारे खरे, असे मानण्याची सवय मोडली, तर इतिहासाचा तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.