मैदा, ससे आणि खालाजानची गोळी

गेल्या वर्षी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला. मैदा पांढरा करण्यासाठी त्यात ॲलोक्सन घालतात, हेच रसायन टोचून प्रयोगशाळेत उंदरांना मधुमेह करतात, दहा जणांना पाठवा. खालाजाननी तो वाचला आणि नान, पाव, बिस्किटं सगळं सोडलं. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पंधरा-वीस दिवसांनी कळलं की त्यांनी साखरेची गोळीही बंद केली आहे. “विषच बंद झालं, आता दवा कशाला?” त्यांचा हिशेब सरळ होता. साखर मात्र तीनशेच्या वर गेली होती.

मी शिकवते उर्दू आणि मराठी. रसायनशास्त्राशी माझं नातं दहावीला तुटलं ते तुटलंच. म्हणून आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठलं, थोडं वाचलं. तेव्हा लक्षात आलं की संदेश निव्वळ थाप नाही. त्यातली एक गोष्ट अगदी खरी आहे, आणि म्हणूनच बाकीचंही पटतं.

ॲलोक्सन जुनं रसायन आहे. 1838 मध्ये व्होलर आणि लीबिग या जर्मन शास्त्रज्ञांनी युरिक ॲसिडपासून ते तयार केल्याचं वर्णन केलं. त्यानंतर शंभर वर्षं मधुमेहाशी त्याचा संबंध कुणाच्या ध्यानात आला नाही. तो सापडला चुकून. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेली माणसं बाहेर काढल्यावरही मूत्रपिंडं निकामी होऊन मरत होती. त्याचं कारण शोधताना ग्लासगोत जॉन शॉ डन आणि त्यांचे सहकारी सशांना निरनिराळी रसायनं टोचत होते. पाहायची होती मूत्रपिंडं, पण ॲलोक्सन दिलेल्या सशांच्या स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच मेलेल्या दिसल्या. 1943 मध्ये त्यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. त्याआधी जनावरात मधुमेह आणायचा तर बहुतेकदा शस्त्रक्रियेनं त्याचं स्वादुपिंडच काढावं लागे. आता एक सुई पुरे झाली.

हे रसायन नेमकं त्याच पेशींना कसं गाठतं? त्याचा आकार ग्लुकोजशी मिळताजुळता आहे. रक्तातली साखर जोखण्यासाठी या पेशींनी ग्लुकोजला जे दार ठेवलेलं असतं, त्याच दारातून ते आत शिरतं आणि आत गेल्यावर जाळपोळ करतं. ती विझवण्याची ताकद या पेशींत मुळात कमी असते. मरताना त्या साठवलेलं इन्शुलिन एकदम सोडून देतात, त्यामुळे जनावराची साखर आधी धोकादायक खाली येते. त्यातून वाचलं तर मग कायमचा मधुमेह.

पण हे सगळं घडतं ते शिरेतून, एका झटक्यात, सशाला किलोमागे शंभरेक मिलिग्रॅम दिल्यावर. शरीराच्या उबेत हे रसायन काही मिनिटांतच मोडून जातं, म्हणून ताजं कालवून लगेच टोचावं लागतं. गिनीपिगवर ते चालत नाही. माणसाच्या या पेशींवर ते दार फार कमी असतं, त्यामुळे त्याही उंदराच्या पेशींपेक्षा पुष्कळ टिकाव धरतात.

आणि मैदा? तो पांढरा करायला जिथे काही वापरतात तिथे बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा क्लोरीन वापरतात, ॲलोक्सन नव्हे. या प्रक्रियेत ते अत्यल्प तयार होत असेल असं म्हणतात. पण तेवढ्यानं कुणा माणसाला मधुमेह झाल्याचा पुरावा नाही. म्हणून मैदा निर्दोष ठरतो असंही नाही हं. कोंडा गेलेला, तंतू गेलेले, त्यामुळे साखर भरभर चढते. मधुमेह्यानं तो कमी खावा हे डॉक्टर आधीपासून सांगतातच, त्याला रसायनाची भीती कशाला लागते?

हे सगळं मी खालाजानना एका दुपारी सांगितलं. डॉक्टरांकडे आदल्याच दिवशी जाऊन आलो होतो, गोळ्यांची नवी पट्टी समोर पडली होती. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “त्या सशांना साखरेचं पाणी पाजलं असतं तर वाचले असते ना?”

“पुढे तसंच करायला लागले,” मी म्हटलं.

“बिचारे,” म्हणाल्या आणि पाण्याचा पेला माझ्याकडे मागितला.