आज्ञा एकच पाळली

बँकेत ३० वर्षे नियमांच्या पोथीशी संसार केल्यामुळे असेल, पंडिता रमाबाई मला जवळच्या वाटतात. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण शाकाहार सोडला नाही, की चर्चचे प्रत्येक मत निमूट स्वीकारले नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा त्यांचा रोकडा सवाल! मठातील भगिनी दुखावल्या. शेजाऱ्यावर प्रेम करा, ही ख्रिस्ताची आज्ञा मात्र बाईंनी अक्षरशः पाळली. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो भुकेल्या मुली आणल्या. धर्मांतराचा आक्षेप त्यांच्यावर आला. तो मी झटकत नाही. पण केडगावला समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, अंधांसाठी बार्तिमी सदन. तिथे कन्या मनोरमा ब्रेल शिकवी.