ऊन, विजेचे बिल आणि पर्यावरण न्याय

"पर्यावरण न्याय" हा शब्द हल्ली बातम्यांत कानावर पडतो. शब्द जड आहे, अर्थ साधा. धूर, घाण, ऊन सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. ज्याच्याकडे पैसा नि ओळख कमी, त्याच्या दाराशी ते आधी येते.

आपले कितीतरी लोक दिमोना, बेरशेबा, येरुहाम इथल्या जुन्या शिकूनमध्ये राहतात. वरचा मजला असला तर दिवसभर तापलेले छत रात्रीही उष्णता सोडत राहते. नर्स म्हणून सांगते, उतारवयात तहान कमी लागते आणि घामही कमी येतो. त्यात ब्लडप्रेशरसाठी लघवी होण्याची गोळी चालू असली तर अंगातले पाणी आणखी घटते. माणूस चक्कर येऊन पडतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. अहो, वय नव्हे, खोली तापलेली असते! (गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

घरात मजगान असतो, पण बिलाच्या भीतीने लावत नाहीत. इथे सरकारी मदत कामाला येते. बितुआख लेउमीकडून म्हातारपणाच्या पेन्शनबरोबर हश्लामत हख्नासा मिळत असेल, तर महिन्याच्या पहिल्या 400 युनिट विजेवर 50 टक्के सूट असते. ही भीक नव्हे, हक्क आहे. मीटर कोणाच्या नावावर आहे तेवढे तपासा. मुलाच्या नावावर असेल तर वीज कंपनीला विचारा.

पण सूट बिलावर मिळते, आणि ज्याला बिलच येत नाही त्याचे काय?

बेरशेबाच्या दक्षिणेला सुमारे 12 किलोमीटरवर नेओत होवाव, म्हणजे पूर्वीचे रामात होवाव, हा रासायनिक कारखान्यांचा भाग आहे. त्याला लागूनच वादी अल-नाअम हे बेदुईन लोकांचे, सरकारी मान्यता नसलेले गाव. जवळ वीज केंद्र आहे, डोक्यावरून तारा जातात, पण गावात वीजजोडणी नाही. लोक सौर पॅनेल नि जनरेटरवर भागवतात. 2004 साली आरोग्य मंत्रालयाच्या पाहणीत या भागाच्या 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बेदुईन लोकांत मृत्यू आणि जन्मजात व्यंग यांचे प्रमाण जास्त आढळले. कारण कारखानेच, असे त्यातून सिद्ध होत नाही. पण त्या धुराशेजारी घर करायची हौस कोणाला असते?

इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवा, असे आम्ही नर्स पेशंटला सहज सांगतो. तिथल्या म्हाताऱ्या माणसाने ते ऑगस्टच्या रात्री, पॅनेलची बॅटरी संपल्यावर, कुठे ठेवायचे?