एकाच खोलीतले भाऊ

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात लालबाग-परळच्या गिरणी कामगाराचे एक घर आहे. संपाने त्या घराचा आधार गेला आहे आणि कर्ती होण्याच्या वयातली मुले बसून आहेत. त्यांतला एक टोळीच्या वाटेला लागतो. त्याच खोलीत वाढलेले बाकीचे लागत नाहीत. नाटकाला पुरावा म्हणता येत नाही, पण गिरणगावाविषयी बोलताना आपण सहसा बाजूला सारतो तो प्रश्न या घराने समोर ठेवला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, संप रीतसर मागे न घेताच विरला, चुली थंडावल्या आणि पोरे टोळ्यांत गेली, असे आपण चाळीस वर्षे सांगत आलो. हे खोटे नाही, अर्धे आहे. हजारो घरांवर सारखेच संकट कोसळले तरी बहुसंख्य मुले टोळीत गेली नाहीत. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी दुकानात पडेल ते काम धरले, कुणाची आई डबे करू लागली आणि मुलगा ते पोचवू लागला. शिवाय भायखळा-सातरस्ता भागातली टोळी संपाच्या आधीपासूनची होती; संपाने तिला माणसे पुरवली, जन्म दिला नाही. सगळ्यांवर आलेली परिस्थिती एकालाच का ओढून नेते, हे नुसत्या परिस्थितीकडे बोट दाखवून कळत नाही. त्यासाठी त्या एका मुलाकडे पाहावे लागते.

एकेका माणसात गुन्ह्याचे कारण शोधण्याचा इतिहास मात्र लाजिरवाणा आहे, आणि तो आधी सांगितला पाहिजे. चेझारे लोम्ब्रोझो या इटालियन डॉक्टराने १८७६ साली जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली. कवटी, जबडा आणि कान यांच्या घडणीवरून असा माणूस ओळखता येतो, असा त्याचा दावा होता. आपल्याकडे इंग्रज सरकारने त्याच्याही पाच वर्षे आधी, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, जन्मालाच अपराध ठरवून टाकले होते. हा कायदा पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली, आणि काही न केलेल्या माणसांनाही रोज हजेरी द्यावी लागली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्यातून निघाला. पोलिसांच्या आणि गावाच्या नजरेतून तो निघाला नाही, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने मराठी वाचकाला दाखवून दिले. ‘खाण तशी माती’ हे आपण आजही सहज बोलून जातो. गुन्हा रक्तात असतो या समजुतीवर या देशाने ऐंशी वर्षे कायदा चालवला, आणि त्यातून गुन्हेगारीबद्दल काही सिद्ध न होता फक्त माणसे पिढ्यान्‌पिढ्या भरडली गेली.

तरीही एकाच खोलीतल्या भावांचा प्रश्न उरतोच. तो नीट हाताळण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेतल्या शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने केला. त्यांनी सुधारगृहात पोचलेली ५०० मुले घेतली आणि बोस्टनमधलीच, तशाच गरीब वस्त्यांतली, वय, वंश आणि बुद्ध्यांक जुळणारी, पण गुन्ह्यांत न सापडलेली आणखी ५०० मुले निवडली. वस्ती सारखी, गरिबी सारखी. मग फरक कुठे? १९५० साली त्यांनी निष्कर्ष छापले. पहिल्या गटातली मुले अधिक उतावळी, अधिक हट्टी, शरीराने अधिक दणकट होती. त्यांच्या घरी लक्ष कमी होते. शिस्त कधी फार कडक, तर कधी मुळीच नाही, अशी लहरी होती. एवढ्यावर ग्लूक दांपत्याने लहान मुलांचे भविष्य वर्तवण्यासाठी तक्ते तयार केले, आणि इथे ते घसरले. कारण त्यांची कागदपत्रे पुढे हार्वर्डच्या तळघरात पडून होती, ती रॉबर्ट सॅम्प्सन आणि जॉन लॉब यांनी बाहेर काढून पुन्हा तपासली, त्यांतल्या काही माणसांना सत्तरीत शोधून काढले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. सुधारगृहातून गेलेली बहुतेक मुले कधी ना कधी गुन्ह्यांतून बाहेर पडली होती. कोण लवकर बाहेर पडेल आणि कोण अडकून राहील, हे त्यांच्या लहानपणच्या स्वभावावरून सांगता येत नव्हते. बाहेर पडलेल्यांच्या आयुष्यात बहुधा टिकाऊ नोकरी होती, मनाजोगा संसार होता, किंवा जुन्या संगतीपासून तोडणारी एखादी नवी जागा होती.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा मागोवा अजून चालू आहे. संप सुरू झाला तेव्हा ही मुले नऊ वर्षांची होती. लालबागमधली त्यांच्या वयाची मुले टोळ्यांच्या सर्वांत वाईट दिवसांत, नव्वदच्या आसपास, सोळा-सतरा वर्षांची झाली. या पाहणीच्या आधारे टेरी मॉफिट यांनी १९९३ साली एक भेद मांडला, जो मला या सगळ्या अभ्यासात सर्वांत उपयोगी वाटतो. थोडी मुले अगदी लहानपणापासून मारकुटी आणि बेभान असतात, त्यांच्या मज्जासंस्थेत काही कमी-जास्त असते, घरही विसकटलेले असते, आणि त्यांचा त्रास मोठेपणीही चालू राहतो. बाकीच्यांचा गुन्हा वयापुरता असतो. शरीराने मोठे झालेले पण मोठ्यांच्या जगात अजून जागा न मिळालेले मूल त्या थोड्या मुलांची नक्कल करते, आणि मोठ्यांच्या जगात जागा मिळाली की थांबते. जनुकांचाही विचार याच पाहणीतून पुढे आला. २००२ साली एका विशिष्ट जनुकाचा संबंध हिंसेशी जोडला गेला, पण लहानपणी मारहाण आणि छळ सोसलेल्या मुलांतच तो ठळकपणे दिसला. तेच जनुक असलेली, मायेने वाढलेली मुले इतरांपेक्षा वेगळी निघाली नाहीत. म्हणजे रक्ताचा मुद्दा मान्य केला तरी तो पुन्हा घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो.

कुमारवयाचे आणखी एक लक्षण लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ साली मोजले. गाडी चालवण्याच्या संगणकी खेळात कुमारवयीन मुले एकटी असताना मोठ्यांच्या जवळपास शहाणपणाने वागली; मित्र पाहत असताना मात्र त्यांनी पत्करलेला धोका दुपटीच्या घरात गेला. चोवीसच्या पुढच्यांवर मित्रांचा काहीच परिणाम झाला नाही. मेंदूचा आवर घालणारा, पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, त्याच्याशी हे जुळते. गिरणगावातल्या कुठल्याही आईला हे मेंदूविज्ञानाशिवाय ठाऊक होते. पोरगा घरात गरीब आणि नाक्यावर वाघ, ही तिची तक्रार जुनी आहे. पण याचा अर्थ संगतच वाईट असा नाही. गिरणगावात कबड्डीचे संघ होते, व्यायामशाळा होत्या, गणपतीची मंडळे होती, आणि तिथेही पोरांचीच टोळकी जमत. फरक इतकाच की तिथे बोलणारा, हटकणारा, काम सोपवणारा कुणी वडीलधारा हजर असे.

आता हे सगळे एकत्र लावून पाहू. संपापूर्वी लालबाग-परळमधला सतरा वर्षांचा मुलगा शाळा सोडत असे, नाक्यावर उभा राहत असे, मारामाऱ्याही करत असे. मग वडील, मामा किंवा गाववाला त्याला गिरणीच्या गेटवर नेत असे आणि तो बदली कामगार, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी लागणारा, होई. त्याला हजेरी, पाळी, पगार, आणि मग कोकणातून किंवा घाटावरून आलेले स्थळ मिळे. ज्या गोष्टींनी बोस्टनमधली मुले गुन्ह्यांतून बाहेर पडली, त्यांतल्या नोकरी आणि संसार या दोन्ही गिरणीचे गेट देत असे. संपाने पोरांचा स्वभाव बदलला नाही, उतावळेपणा वाढवला नाही. त्या वयातून बाहेर पडण्याचा दरवाजा त्याने बंद केला. त्याच वेळी टोळी पैसा, वट आणि मोठ्यांच्या जगातली जागा लगेच देऊ करत होती. एकाच खोलीतल्या भावांत मग फरक पडला तो असा की ज्याला धीर धरवत नव्हता, ज्याच्यावर घराचे लक्ष कमी होते, किंवा ज्याला नेमक्या त्या वर्षी टोळीतला मित्र भेटला, तो आधी गेला. बोस्टन आणि ड्युनेडिनवरून गिरणगावाला लावलेला हा तर्क आहे, पण संपाच्या वर्षांशी आणि टोळ्यांच्या वाढीशी तो इतर कुठल्याही स्पष्टीकरणापेक्षा अधिक जुळतो.

यावर पहिला आक्षेप असा की बदलीची नोकरी तरी कुठे टिकाऊ होती? नव्हती. वर्षानुवर्षे गेटवर उभे राहणारे बदली कामगार संपात हिरिरीने उतरले, त्याचे एक कारण हेच होते. तरीही त्या रांगेत उभ्या असलेल्या मुलापुढे काहीतरी होते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: दगडी चाळीतून टोळी चालवणाऱ्या अरुण गवळीनेही गिरणीत काम केले होते, मग नोकरीने त्याला का रोखले नाही? या सिद्धांतांतून शक्यता कळते, एका माणसाचे भाकीत मिळत नाही, आणि हीच त्यांची मर्यादा मान्य करून ते वापरायचे असतात. तिसरा आक्षेप डाव्या विचाराच्या मित्रांचा असतो. मुलाच्या स्वभावाकडे पाहणे म्हणजे गिरणीमालकांना आणि सरकारला मोकळे सोडणे, असे त्यांना वाटते. मला नेमके उलटे दिसते. ही मुले जन्माने बिघडलेली नव्हती आणि त्यांच्यातली बहुतेक आपोआप सुधारणार होती, हे एकदा कळले की दरवाजा बंद करणाऱ्यांची जबाबदारी वाढते.

सर्वांत गंभीर आक्षेप पीडितांच्या बाजूने येतो. २०१२ च्या दिल्लीतल्या आणि २०१३ च्या शक्ती मिलमधल्या बलात्काराच्या प्रकरणांत आरोपींमध्ये अल्पवयीन होते. त्या मुलींनी जे सोसले त्यापुढे मेंदूच्या वाढीची भाषा तोकडी वाटते, आणि तशी ती वाटली पाहिजे. त्या संतापातून २०१५ चा बाल न्याय कायदा आला. त्याच्या कलम १५ नुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत यांची प्राथमिक चाचपणी करते आणि त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का ते ठरवते. शिक्षा व्हायला हवी, हे मला मान्य आहे. पण ही चाचपणी अभ्यासाने सांगितले त्याच्या बरोबर उलट दिशेला जाते. शांत खोलीत समुपदेशकापुढे बसलेला सोळा वर्षांचा मुलगा परिणाम व्यवस्थित सांगतो. त्याची खरी कमतरता चार मित्र सोबत असताना, रागाच्या भरात उघडी पडते, आणि ती नंतर काही आठवड्यांनी कुणाला मोजता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये हे काम नाजूक असल्याचे आणि मंडळात मानसतज्ज्ञ सदस्य नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणे आवश्यक असल्याचे सांगितले. मदत जरूर घ्यावी, पण जे मोजताच येत नाही त्याच्यावर मुलाचे पुढचे आयुष्य टांगणारे कलम चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाट चुकलेल्या मुलाला कामाची वाट द्यावी, हे शहाणपण मुंबईला नवे नाही. डेव्हिड ससून यांच्या नावाची, पुढे माहीमला चाललेली सुधारशाळा १८५७ साली निघाली ती मुलांना तुरुंगाऐवजी हातात कसब देण्यासाठी. १९२४ चा मुंबई बाल अधिनियम आणि १९२७ ची चिल्ड्रन्स एड सोसायटी त्याच विचाराची पुढची पावले. आज गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आहेत. त्यांच्या गेटवर सुरक्षारक्षक, लिफ्टमन आणि पार्सल पोचवणारे लागतात. डोंगरीच्या निरीक्षणगृहातून बाहेर पडलेल्या मुलाला त्यांतले एक काम मिळणे, हा त्याच्या पुढच्या आयुष्यातला सर्वांत मोठा फरक ठरू शकतो. २०१५ च्याच कायद्याचे कलम २४ सांगते की अशा मुलाला दोषी ठरल्यामुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर त्याची नोंद नष्ट करायची असते. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या, प्रौढाप्रमाणे खटला चालून दोषी ठरलेल्यांचा. सोसायटीचे सेक्रेटरी, कंत्राटदार, दुकानदार, मंडळांचे कार्यकर्ते यांनी हे कलम एकदा वाचावे, आणि कामाला आलेल्या मुलाला लहानपणच्या केसबद्दल विचारू नये.