वेदनायक शास्त्री आणि नित्य जीवनातील ख्रिस्तश्रद्धा

धर्मश्रद्धेची चर्चा बहुधा ग्रंथ, सिद्धान्त आणि संस्था यांच्या अनुषंगाने होते. परंतु श्रद्धा टिकून राहते ती घरात: सकाळच्या प्रार्थनेत, लग्नाच्या मांडवात, मृताला निरोप देताना गायिलेल्या पदांत. परभाषेतून आलेला धर्म या नित्य व्यवहारात कसा मिसळतो, हा म्हणूनच केवळ धर्मशास्त्राचा प्रश्न नव्हे. तो भाषेचा आणि वाङ्मयप्रकारांचाही प्रश्न होय. तामिळ ख्रिस्ती कवी वेदनायक शास्त्री (१७७४–१८६४) यांच्या काव्यात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. तंजावरच्या मराठी दरबाराशी त्यांचा निकटचा संबंध असल्याने मराठी अभ्यासकाला ते उत्तर परके वाटू नये.

या काव्याची भाषिक पूर्वपीठिका चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमधील वेपेरी येथे घडली. १७४२ मध्ये तेथे आलेले जर्मन मिशनरी योहान फिलिप फाब्रिसियुस यांनी आपले उर्वरित आयुष्य तामिळ भाषेच्या सेवेत घालविले. त्यांच्या नव्या कराराचे भाषांतर १७७२ मध्ये छापले गेले. पाँडिचेरीच्या पाडावानंतर हाती आलेला छापखाना वेपेरीत चालू झाला, आणि १७७९ मध्ये त्यांचा तामिळ-इंग्रजी कोश तेथे निघाला. जर्मन स्तोत्रेही त्यांनी तामिळमध्ये आणली. पिढ्यानुपिढ्या पाठ होत गेल्यामुळे या भाषांतराची शब्दकळा प्रोटेस्टंट तामिळ कुटुंबांच्या प्रार्थनेची भाषा बनली. भाषांतर म्हणून तिच्यात उणिवा असतील. पण लोकांच्या दुःखात आणि आनंदात ती त्यांच्या ओठी होती.

वेदनायक या भाषेत वाढले. श्वार्ट्झ या मिशनऱ्याने त्यांना लहानपणीच तंजावरला आणले. पुढे गादीवर आलेले सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) हेही श्वार्ट्झचेच शिष्य. वारसाहक्काच्या कलहामुळे १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवावे लागले, आणि तेथे गेरिके या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण चालू राहिले. एकाच गुरूच्या या दोन शिष्यांनी पुढे एकच लोकनाट्यप्रकार हाती घ्यावा, हा योग लक्षणीय आहे. सरफोजींच्या नावावरील ‘देवेंद्र कोरवंजी’ मराठीत आहे. तीत कोरवंजी इंद्राणीला पृथ्वीचा भूगोल सांगते. वेदनायकांची ‘बेथलेहेम कुरवंजी’ तामिळमध्ये आहे. तीतही नवा भूगोल आणि नवे खगोलज्ञान आले आहे.

कुरवंजीची चौकट ठरलेली असते. नायिका एखाद्या देवावर वा राजावर अनुरक्त होऊन विरहाने झुरते. अशा वेळी टोपली घेतलेली, डोंगरात राहणारी कुरत्ती दारी येते, आपल्या देशाचे वर्णन करते, नायिकेचा हात पाहते आणि प्रियकर येणार असे सांगते. मग तिला शोधीत तिचा पारधी नवरा येतो. वेदनायकांनी ही चौकट मोडली नाही. त्यांची नायिका देवमोहिनी ही ख्रिस्ताची वधू मानलेली मंडळी होय. दारी आलेली कुरत्ती ही श्रद्धा. आणि पारध्याचे पक्षी पकडणे हे सुवार्तेच्या प्रसाराचे रूपक. हात पाहून सांगितलेल्या भविष्यावर कवीचा विश्वास असणे शक्य नव्हते. तरीही ‘तो येईल’ हे आश्वासन त्यांनी त्याच भटक्या बाईच्या तोंडी घातले. ख्रिस्ती विचारात आशा हे जे एक मोठे मूल्य आहे, ते येथे प्रवचनाच्या आसनावरून उतरून उंबरठ्याशी येते. वासुदेव, जोशी, जोगवा मागणारी अशा दारी येणाऱ्या माणसांना अध्यात्म बोलायला लावणाऱ्या एकनाथांच्या भारुडांची मराठी वाचकाला येथे आठवण होईल.

मात्र या घरगुतीपणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८२० नंतरच्या दशकात नव्या मिशनऱ्यांनी बायबलच्या तामिळ भाषांतरात बदल आरंभिले. देशी गायनाला व समारंभांतील फुलांना हरकत घेतली. आणि देवळात जातवार बसण्याची चालही बंद करू पाहिली. वेदनायकांनी या सर्वच गोष्टींना कडाडून विरोध केला. जुने भाषांतर, गाणे आणि फुले यांविषयीचा त्यांचा आग्रह आज रास्त वाटतो. लोकांच्या तोंडी बसलेले शब्द काढून घेणे म्हणजे त्यांची प्रार्थनाच काढून घेणे, हे त्यांना कळले होते. पण त्याच आवेशाने त्यांनी जातिभेदाचीही पाठराखण केली. त्यांच्या दृष्टीने फुलांची माळ आणि जातीची ओळ ही दोन्ही एकाच जीवनपद्धतीची अंगे होती.

या ठिकाणी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले, आणि त्यांनीही अभंग-ओवीची परंपरा सोडली नाही. येथपर्यंत वेदनायकांचा आणि त्यांचा मार्ग एकच. परंतु कडक सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंची वाटचाल आणखी पुढे जाते. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, हे त्यांना १९०० मधील बाप्तिस्म्यापूर्वीच पटले. त्यांच्या श्रद्धेची पहिली कसोटी लागली ती कोणाच्या हातचे पाणी प्यावे, या प्रश्नापाशी. पुढे त्यांनी पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ ओवीतच पूर्ण केले. ओवी राहिली, सोवळे गेले.

नित्य जीवन श्रद्धेला भाषा, सूर आणि रूपके देते. पण त्याच जीवनातील अन्यायही ते तिच्या पदरात घालते. यांतले काय स्वीकारावे आणि काय टाकावे, हा विवेक वाङ्मयप्रकार देऊ शकत नाही. वेदनायकांनी पहिले काम असामान्य प्रतिभेने केले. दुसरे त्यांच्या हातून राहिले. आज चेन्नईच्या तामिळ प्रोटेस्टंट देवळांत त्यांची कीर्तने गायिली जातात. ज्या जातिव्यवस्थेचा त्यांनी कैवार घेतला, तिने त्यांच्या काळी देवळातही ज्यांना वेगळे बसविले, अशांचे वंशजही ती गातात. कवीच्या विवेकाला न ओलांडता आलेला उंबरठा त्याच्या गाण्यांनी ओलांडला आहे.