विंचूदंश : कोकणातील ग्रामीण आरोग्याचा उपेक्षित प्रश्न आणि संशोधनाची वाटचाल

प्रस्तावना

उष्ण कटिबंधातील काही आजार असे आहेत की, ते प्रामुख्याने गरीब, कष्टकरी व ग्रामीण माणसालाच ग्रासतात आणि म्हणूनच संशोधन, औषधनिर्मिती व शासकीय धोरण या तिन्ही पातळ्यांवर मागे राहतात. जागतिक आरोग्य संघटना अशा आजारांचा निर्देश 'उपेक्षित उष्णकटिबंधीय आजार' या नावाने करते. या यादीत २०१७ साली सर्पदंशाचा समावेश झाला. विंचूदंशाला मात्र तेथे अद्याप स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. वास्तविक २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी १२ लाखांहून अधिक व्यक्तींना विंचूदंश होतो व त्यांपैकी ३,००० हून अधिक मृत्युमुखी पडतात. या अर्थाने विंचूदंश हा उपेक्षितांमधीलही उपेक्षित प्रश्न होय. या प्रश्नावरील महत्त्वाचे संशोधन रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात, म्हणजे तालुक्याच्या पातळीवर झाले. प्रस्तुत लेखात विंचवाच्या विषाचे कार्य, या संशोधनाची वाटचाल आणि आजही शिल्लक असलेले प्रश्न यांचा परामर्श घेतला आहे.

लाल विंचू आणि दंशाची परिस्थिती

महाराष्ट्रात सामान्यतः काळा व लाल असे दोन प्रकारचे विंचू लोकांच्या परिचयाचे आहेत. आकाराने मोठा असलेला काळा विंचू भयंकर दिसतो, परंतु त्याचा दंश सहसा वेदनेपुरता मर्यादित राहतो. त्या मानाने लहान असलेला लाल विंचू अधिक घातक आहे. कोकणाखेरीज मराठवाडा, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तमिळनाडू व सौराष्ट्र या भागांतही त्याच्या दंशाचे गंभीर रुग्ण आढळतात.

विंचू निशाचर असून दिवसा दगडांच्या फटी, जांभ्याच्या भिंती, सरपणाचा ढीग, पेंढा व कौले यांच्या आडोशाला राहतो. कोकणात एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात दंशाचे प्रमाण वाढते. पावसाळ्यापूर्वीची शेताची व घराची कामे आणि पावसाळ्यानंतरची भातकापणी याच काळात येतात. अनवाणी चालणारा शेतमजूर, सरपण उचलणारी स्त्री आणि जमिनीवर झोपणारे मूल यांना दंशाचा धोका अधिक असतो. म्हणजेच दंशाचे कारण प्राणिशास्त्रीय असले, तरी दंश कोणाला होईल हे बव्हंशी घर, काम व पायातील वहाण यांवरून ठरते.

विषाचे कार्य

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या पेशीपटलातील सोडियम मार्गिकांवर परिणाम करते. या मार्गिका क्षणभर उघडून बंद व्हावयास हव्यात, परंतु विषामुळे त्या अधिक काळ उघड्या राहतात. परिणामी स्वायत्त चेतासंस्था अनावर उत्तेजित होते. प्रारंभी उलट्या, दरदरून घाम, लाळ सुटणे, नाडी मंदावणे ही लक्षणे दिसतात. त्यानंतर शरीरात अ‍ॅड्रेनालीनसदृश द्रव्यांचा लोट उसळतो. रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय थंड पडतात, रक्तदाब वाढतो, हृदयावरील भार असह्य होतो आणि फुप्फुसात पाणी साचून रुग्ण दगावू शकतो.

येथे एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. दंशाच्या जागी असह्य वेदना आहेत, परंतु घाम व उलट्या नाहीत, असा रुग्ण बहुधा धोक्याबाहेर असतो. उलट फारशी वेदना नसलेला, घामाने निथळणारा व हातपाय गार पडलेला रुग्ण गंभीर असू शकतो. 'विंचू उतरविणाऱ्या' मांत्रिकावरील श्रद्धेचे एक कारण या विसंगतीत सापडते. बहुसंख्य दंशांतील वेदना काही तासांत आपोआप ओसरते व तिचे श्रेय मंत्राला मिळते. ज्या थोड्या रुग्णांत विष खरोखर भिनलेले असते, त्यांचे मोलाचे तास मात्र याच प्रतीक्षेत निघून जातात. तेव्हा या श्रद्धेला केवळ अज्ञान म्हणणे अपुरे ठरते; ती अपूर्ण अनुभवावर आधारलेली आहे असे म्हणणे अधिक योग्य होईल.

महाड येथील संशोधन

डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने दगावणारे रुग्ण त्यांनी तेथे पाहिले. त्या काळी उपचारांत एकवाक्यता नव्हती. वेदनाशामके, अ‍ॅलर्जीविरोधी औषधे, स्टेरॉइड व अ‍ॅट्रोपिन यांचा वापर होई, तरीही फुप्फुसात पाणी झालेल्या गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ ते ३० टक्के होते. डॉ. बावस्कर यांनी रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातपायांचे तापमान व श्वास यांच्या क्रमवार नोंदी ठेवल्या. गंभीर हृदयविकाराची पूर्वसूचना देणारी लक्षणे मांडणारा त्यांचा लेख १९८२ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या नोंदींवरून उपचाराची दिशा स्पष्ट झाली. मूळ बिघाड आकसलेल्या रक्तवाहिन्यांत आहे. तेव्हा त्या सैल करणारे औषध द्यावयास हवे. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध त्यासाठी उपयुक्त होते, परंतु ते शिरेतून व सतत देखरेखीखाली द्यावे लागते. आरोग्य केंद्रात ते सर्वत्र शक्य नव्हते. प्राझोसिन ही रक्तदाबावरील गोळी मात्र तोंडाने देता येते आणि अल्फा ग्राहींना अवरोध करून तोच हेतू साधते. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या उपचाराचा अनुभव १९८६ साली 'द लॅन्सेट'मध्ये मांडला. शरीराच्या दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम ही मात्रा रूढ झाली. प्राझोसिनच्या वापरानंतर मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास व त्याखाली आले. या कार्यासाठी डॉ. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली.

प्रतिविषाची चाचणी

प्राझोसिन विषाचा परिणाम रोखते, विष नष्ट करीत नाही. ते कार्य प्रतिविषाचे. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून लाल विंचवावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यानंतर दोन्ही उपचारांची तुलना आवश्यक ठरली. महाड येथे ७० रुग्णांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्णतः लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. ही चाचणी खुली होती, म्हणजे कोणते औषध दिले जात आहे हे डॉक्टरांना ठाऊक होते. शिवाय ती एकाच परिसरातील होती. या मर्यादा लक्षात घेऊनही, दोन्ही उपचार एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असे या आकड्यांवरून दिसून येते. लवकर बरे होणे म्हणजे मजुराचा बुडालेला रोजगार वाचणे आणि आरोग्य केंद्रातील खाट रिकामी होणे, हा त्याचा सामाजिक अर्थ होय.

अनुत्तरित प्रश्न

औषध सापडले म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. पहिला प्रश्न वेळेचा आहे. प्राझोसिनची गोळी स्वस्त आहे. परंतु ती वेळेवर पोहोचण्यासाठी वाडीपासून आरोग्य केंद्रापर्यंत रस्ता, रात्री मिळणारे वाहन आणि लक्षणे ओळखणारा डॉक्टर अशा तीन गोष्टी लागतात.

दुसरा प्रश्न मोजणीचा आहे. घरी किंवा वाटेत झालेला मृत्यू रुग्णालयाच्या नोंदीत येत नाही. सर्पदंशाच्या बाबतीत घरोघरी चौकशी करून केलेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २००५ या एका वर्षात भारतात सुमारे ४५,९०० मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला. रुग्णालयीन आकड्यांपेक्षा तो कितीतरी पटींनी मोठा होता. त्यानंतर धोरण हलले. मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला व नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्याची सूचना केंद्राने राज्यांना दिली. विंचूदंशाचीही मोजणी याच पद्धतीने होण्याची गरज आहे. जो मृत्यू मोजला जात नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही.

समारोप

महाडच्या संशोधनात महागडी उपकरणे नव्हती. रुग्णाशेजारी जागून ठेवलेल्या नोंदी, त्यांतून निघालेला तर्क आणि तो तर्क जगासमोर परीक्षणासाठी ठेवण्याची तयारी ही त्याची सामग्री होती. पुढील काम केवळ वैद्यकाचे नाही. विंचवांचे प्रकार व अधिवास प्राणिशास्त्राने, वाडी व आरोग्य केंद्र यांतील अंतर भूगोलाने, तर उपचारास होणारा विलंब व मांत्रिकावरील श्रद्धा समाजशास्त्राने अभ्यासावयाची आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी अशाच वाड्यांतून येतात. गेल्या वर्षभरात आपल्या वाडीत कोणाला विंचू चावला, तो किती वेळाने डॉक्टरांपर्यंत पोहोचला आणि पुढे काय झाले, एवढ्या तीन प्रश्नांची शिस्तबद्ध नोंद हे विद्यार्थी करू शकतात. विंचूदंशाची उपेक्षा दूर होण्याची सुरुवात अशा नोंदीपासून होऊ शकेल.