घोणस चावली तर अजून घोडाच

पावसाळा लागला की बोरिवली, मुलुंड आणि आरे परिसरातल्या सर्पमित्रांना उसंत नसते. राष्ट्रीय उद्यानाला खेटून इमारती उठल्या. साप होते तिथेच राहिले. दंश झाला तर सलाइनमधून जे प्रतिविष देतात, ते घोड्याच्या रक्तातून येते. परळच्या हाफकिनची ही जुनी विद्या. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष थोडेथोडे टोचायचे, मात्रा वाढवत न्यायची आणि रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी काढायची. या औषधाने जीव वाचतात; पण घोड्याची प्रथिने आपल्या शरीराला परकी, त्यामुळे काहींना त्याचीच जबर रिॲक्शन येते.

मग माणसाचीच प्रतिपिंडे मिळाली तर?

अमेरिकेतल्या टिम फ्रीडी यांनी सुमारे १८ वर्षे स्वतःला सापांचे विष टोचून घेतले, दंशही करवून घेतले. (हा वेडेपणाच, एकदा दोन नागांच्या दंशांनी ते कोमात गेले होते.) जेकब ग्लॅनव्हिल आणि पीटर क्वाँग यांच्या चमूने त्यांचे थोडे रक्त घेतले. आपल्या रक्तातली प्रत्येक बी-पेशी एकाच घडणीचे प्रतिपिंड बनवते, आणि अशा घडणी असंख्य. हवे असलेले शोधायचे तर पेशींतली प्रतिपिंडांची जनुके काढून जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंत बसवतात. प्रत्येक विषाणू अंगावर एकेक प्रतिपिंड मिरवतो. ही सारी फौज वेगवेगळ्या सापांच्या विषांवर सोडली की बहुतेक वाहून जातात. सगळ्यांनाच चिकटून राहणारे एखादे, तेच हवे असते.

ते चिकटते कुठे, हे खरे पाहण्यासारखे. मज्जातंतूचा संदेश स्नायूला जिथे मिळतो, तिथे विषाचा जो भाग जाऊन बसतो, नेमका तोच हे प्रतिपिंड झाकते. साप बदलला तरी हा भाग फारसा बदलत नाही. बदलला तर विषच निकामी व्हायचे. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेचे कार्तिक सुनगार आणि अमेरिकेतले त्यांचे सहकारी २०२४ मध्ये प्रयोगशाळेत रचलेल्या प्रतिपिंडांच्या संग्रहातून याच जागेपाशी पोहोचले होते.

फ्रीडी यांच्या रक्तातली दोन प्रतिपिंडे आणि व्हॅरेस्प्लॅडिब हे औषध एकत्र दिल्यावर नागकुळातल्या १९ जातींच्या विषांपासून उंदरांना पूर्ण किंवा अंशतः संरक्षण मिळाले. मे २०२५ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. माणसांवर चाचणी व्हायची आहे.

नाग आणि मण्यार याच कुळातले. घोणस आणि फुरसे मात्र नाहीत. त्यांचे विष मुख्यतः रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, त्यातले घटकही वेगळे. भारतात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ५८ हजार माणसे मरतात आणि त्यात घोणशीचा वाटा मोठा आहे. तिच्यासाठी निराळे मिश्रण शोधावे लागणार.